बाकी

कार्तिक सरत आला की आमच्या ओट्यासमोर कडूकंद येतात. आणणारी म्हातारी ओहोळापलीकडच्या कातकरवाडीतली. डोंगरात खणून काढलेले गाठाळ, केसाळ कंद ती पाटीत घालून आणते. आमच्या पायरीच्या डाव्या अंगाला एक काळा, बसून बसून गुळगुळीत झालेला धोंडा आहे. त्यावर टेकते, पाटी पुढ्यात सारते आणि डोंगराकडे तोंड करून गप्प राहते. "कसे दिले?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "काय द्यायचं ते दे, शेट."

मी शेट नाही. तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलला लटकत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर कशेळ्याच्या अलीकडे, आजोबांच्या घरात राहायला आलो. पण म्हातारीच्या लेखी मी शेटच. सहा वर्षांचा होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे यायचो, तेव्हा तिचा नवरा, चांगला तिशीतला बाप्या, मला 'बारके शेट' म्हणायचा. मी त्याला 'ए' म्हणायचो. यात काही चुकतंय असं त्याला वाटत होतं की नाही, कोण जाणे. मला तरी वाटत नव्हतं.

गेल्या साली म्हातारीबरोबर तिची नात आली. आश्रमशाळेत शिकून बारावी झालेली, आता कर्जतला कॉलेजात जाणारी. अंगात जीन्स, हातात मोबाईल, बोलणं नीट आणि नेमकं. मी आतून प्लास्टिकची खुर्ची आणून ओट्याच्या कडेला ठेवली. "बस ना." तिने खुर्चीकडे पाहिलं, हसली आणि आजीशेजारी धोंड्याला टेकून बसली. तिला तिथे बस असं कुणी सांगितलं नव्हतं. आजीने नाही, मी नाही, कायद्याने तर नाहीच नाही. मग ती जागा तिला दाखवली कुणी?

वर्षभर हा प्रश्न माझ्या ओट्यावर बसून होता. म्हातारी कंद विकून उठून जायची. तो उठत नव्हता.

*

माळा झाडताना वही सापडली. लाल खारव्यात गुंडाळलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आत कडुनिंबाचा वाळून भुगा झालेला पाला. सन १९३८ ते १९५६. अक्षर आजोबांचं, मोडीच्या वळणाचं बाळबोध. पानाच्या डोक्यावर नाव आणि त्यापुढे 'कातकरी', बस्स. आडनाव नाही. सोम्या, बुध्या, मंगळ्या. जन्म ज्या वाराचा, नाव त्या वाराचं. आठवड्याच्या सात वारांत अख्खी वाडी बसवलेली. खाली नावेच्या बाजूला भात दोन कुडव, घोंगडी एक, मीठ, तंबाखू, बायकोला लुगडं, आणि मधेच एखादी मोठी रक्कम: लग्नाकरिता रोख. जमेच्या बाजूला पैसे कुठेच नाहीत. तिथे नुसते दिवस मांडलेले. राबाचे दिवस, लावणीचे, झोडणीचे, लाकडं वाहण्याचे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, दोन रेघांच्या मध्ये, एकच शब्द: बाकी.

पुढचं पान उघडलं की तेही त्याच शब्दाने सुरू होतं. मागील बाकी.

एका पानावर नाव खोडून खाली दुसरं लिहिलं आहे. शाई वेगळी, आकडा तोच. खोडलेला माणूस मेला होता आणि दुसरं नाव त्याच्या मुलाचं. जमीन वारसाने जाते, दागिने जातात, नाकाची ठेवण जाते, हे मला ठाऊक होतं. इथे वजाबाकीच वारसाने गेली होती. तो मुलगा म्हणजे आमच्या म्हातारीचा नवरा. नावापुढे वय नाही, पण आजोबांनी बारीक अक्षरात नोंद केली आहे: 'गुरे राखतो.' गुरं राखायचं वय म्हणजे आठ-नऊ वर्षं असणार.

वही मिटली आणि बराच वेळ खाली उतरलो नाही. माळ्यावर जुन्या भाताचा वास असतो, उबट, गोडसर. लहानपणी त्या वासाला मी श्रीमंती म्हणत असे. तेवढ्यात खालून शेजाऱ्यांनी हाक मारली. पहिल्यांदा पाऊसपाण्याचं विचारलं, मग सवयीने म्हणाले, "बाकी काय?" रोज दहा वेळा कानावर पडणारा शब्द, त्या दिवशी मला उत्तर सुचेना.

*

कातकरी हे नावच मुळी एका धंद्याचं आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. सह्याद्रीच्या उतारावर खैर होता, जळण होतं, ओहोळांना पाणी होतं. कोणाच्या ओट्यासमोर जाऊन उभं राहण्याचं कारण नव्हतं. १८७८ साली इंग्रजांचा वनकायदा आला आणि खैर सरकारचा झाला. जंगल तिथेच राहिलं, त्यातली माणसं मात्र रातोरात चोर ठरली. मग ती त्याच जंगलात ठेकेदारासाठी कोळसा पाडू लागली. मुंबईच्या चुली पेटत्या ठेवणारा तो कोळसा. ठेकेदार आगाऊ पैसे द्यायचा, आणि गुंत्याचं पहिलं टोक तिथे सापडतं.

कोळसा संपत आला तसं शहर वाढलं आणि शहराला विटा लागल्या. आज कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांचं वर्ष पंचांगाने चालत नाही, भट्टीने चालतं. गौरी-गणपतीच्या सुमाराला घरात दाणा नसतो, भातलावणीची मजुरी संपलेली असते, आणि नेमका तेव्हाच मुकादम वाडीत येतो. तो उचल देतो. दिवाळी झाली की टेम्पो येतो. पातेली, कोंबड्या, तान्ही पोरं, कधीकधी कुत्रंसुद्धा टेम्पोत चढतं आणि वाडी ओस पडते. पनवेल, कल्याण, भिवंडी, जिथे भट्टी तिथे. कोळसा पाडायला जाणारे घाट चढून थेट कर्नाटकापर्यंत जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. भट्टीवर मजुरीचा हिशेब हजारी, म्हणजे हजार विटांमागे इतके. हिशेब होतो शेवटी, पावसाच्या तोंडावर. तोवर आठवड्याला हातात पडते ती खर्ची, मीठ-तांदळापुरती. अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो, आणि तो चिखल बहुधा थापणाऱ्याच्याच नावावर चढतो. मे महिन्यात शेट वही उघडतो. उचल वजा, खर्ची वजा, दवाखाना वजा. उरलं तर उरलं, नाही उरलं तर बाकी. बाकी फेडायला पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी.

वेठबिगारी २५ ऑक्टोबर १९७५ला बंद झाली. आधी वटहुकूम आणि १९७६मध्ये कायदा. असली सगळी कर्जं त्या दिवशी कागदावर मेली. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने तर सक्तीच्या मजुरीला १९५०मध्येच मनाई केली होती. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजेही सक्तीचं काम. इकडे वसई-ठाण्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने एकेका गड्याला कायद्याचा हात धरून सोडवलं. त्याआधी तलासरी-डहाणूकडे गोदावरी परुळेकरांनी लग्नगडी सोडवले होते. लग्नासाठी घेतलेल्या शेपन्नास रुपयांपायी नवरा-बायको दोघं जन्मभर राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. संसाराची पहिली वस्तू कर्ज.

आणि तरीही २०२२ साली इगतपुरीकडच्या कातकरी पोरांची बातमी आली. थोडक्या पैशांवर आणि मेंढीवर मेंढपाळांकडे राबायला दिलेली मुलं. त्यातली एक मुलगी मेली, म्हणून आपल्याला कळलं. वर्तमानपत्र हातात होतं आणि मला दिसत होती आजोबांची ती बारीक नोंद. गुरे राखतो.

*

आपल्याकडे गुलाम म्हटलं की डोळ्यासमोर साखळदंड येतात, जहाजं येतात, बाजारातली बोली येते. ते आपलं नव्हे, ते अमेरिकेचं, असं मनात बसलेलं असतं. याच रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्यापासून दिवसभराच्या वाटेवर, समुद्रात जंजिरा उभा आहे. सिद्दी तिथे राज्य करत होते, थेट १९४८पर्यंत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेलेले. मलिक अंबर तर पोरवयात विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. बाजारात विकल्या गेलेल्यांच्या वंशाला किल्ला मिळाला, तोफा मिळाल्या. ज्यांना कुणी कधी विकलं नाही, ज्यांच्या गळ्यात कधी साखळी पडली नाही, ते डोंगरातले कातकरी मात्र एका वहीच्या पानावर बांधले गेले. १८४३च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामगिरी मानायचं सोडून दिलं, तेव्हा आमच्या तालुक्यात कुणाची दोरी सुटली असेल? इथे दोरी नव्हतीच. हिशेब होता.

जोतीराव फुल्यांना हे दिसलं होतं. अमेरिकेतले गुलाम १८६५मध्ये मोकळे झाले, आणि १८७३मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं ते त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून त्यांनी दोन खंडांतली दुःखं एका पुस्तकात शेजारी बसवली. आपण मात्र पुस्तकाचं नाव पाठ केलं आणि शब्द परदेशी असल्यासारखा वापरत राहिलो. घरात शब्द वेगळे होते. गडी. वेठ. उचल. कोकणात खोतीच्या गावांत आठवेठ होती, आठ दिवसांतला एक दिवस खोताचा. पेरूच्या डोंगरात स्पेनच्या राजाने १५७३पासून असाच हिशेब लावला होता. सातांतला एक पुरुष चांदीच्या आणि पाऱ्याच्या खाणीत. तो प्रकार १८१२मध्ये थांबला. जवळजवळ दोनशे वर्षांनी मेलिसा डेल या अर्थशास्त्रज्ञ बाईने जुन्या सक्तीच्या सीमेच्या आतली आणि बाहेरची गावं तपासली, तर आतल्या गावांतली घरं अजून सुमारे पाव हिश्शाने गरीब, आणि मुलं अजून जास्त खुरटलेली. खाण बंद, राजा गेला, देश बदलला. रेघ तशीच.

पण खुरटलेली उंची फूटपट्टीने मोजता येते. मला मोजायचं होतं ते धोंड्याशेजारचं बसणं. त्याला फूटपट्टी कुठली?

*

नेथन नन आणि लिओनार्ड वांचेकॉन यांनी २०११मध्ये आफ्रिकेबद्दल एक निबंध छापला. ज्या जमातींतून पूर्वी सर्वांत जास्त माणसं गुलाम म्हणून पळवली गेली, त्यांचे आजचे वंशज शेजाऱ्यावर, गावच्या कारभाऱ्यांवर, अगदी नातेवाइकांवरसुद्धा कमी विश्वास ठेवतात. कारण धक्का देणारं आहे आणि सरळही. त्या काळात माणसाला विकणारा नेहमी परकाच असे असं नाही. कधी शेजारी विकायचा, कधी सगासोयरा. ज्यांनी विश्वास ठेवला ते जहाजात गेले, ज्यांनी ठेवला नाही ते मागे उरले, आणि मागे उरलेल्यांनी पोरांना तेच शिकवलं. संशय हे त्यांचं शहाणपण होतं. जहाजं गेली, शहाणपण राहिलं.

हे वाचलं आणि मुकादम आठवला. मुकादम बाहेरचा नसतो. तो बहुतेक वेळा वाडीतलाच, नात्यातलाच. म्हातारीला एकदा विचारलं होतं, तुमच्यात बचत गट का टिकत नाही? ती म्हणाली, "पैसा दुसऱ्याच्या डब्यात कशाला ठेवायचा?" तेव्हा मी मनात म्हटलं, अडाणी. आता वाटतं, तिच्या घराण्याने दुसऱ्याच्या डब्यात ठेवलेलं काय काय परत आलं होतं? अंगठ्याचा ठसासुद्धा परत आला नव्हता.

गावात कातकऱ्यांबद्दल तीन वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. यांच्या हातात पैसा टिकत नाही. हे सांगितल्या दिवशी येत नाहीत. आणि हे तोंडावर 'हो' म्हणतात, करत मात्र नाहीत. मीही ही वाक्यं बोललो आहे, पोह्यांची बशी हातात धरून, तज्ज्ञाच्या थाटात. वही वाचल्यावर ती तिन्ही वाक्यं पुन्हा ऐकली.

पैसा टिकत नाही. ज्याची शिल्लक दर मे महिन्यात दुसऱ्याच्या वहीत जाते, त्याने शिल्लक ठेवायची कुणासाठी? साठवलेलं धान्य दिसतं, दिसलं की वळतं होतं. पोटात गेलेला मासा, पाहुण्याला पाजलेली, पोरीच्या हातात भरलेल्या बांगड्या एवढंच कुणाला वळतं करून घेता येत नाही. खाल्लं ते आपलं, हा धडा चैनीने दिलेला नाही.

सांगितल्या दिवशी येत नाहीत. जमेच्या बाजूला ज्यांचे फक्त दिवसच मांडले गेले, त्यांनी एखादा दिवस न सांगता स्वतःकडे ठेवून घेतला तर ती चोरी की कमाई? पहिला पाऊस पडून ओहोळात वलगण चढली की वाडीतला एक माणूस कामावर जात नाही. मासे उलटे चढतात, माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन पाण्यात उतरतात, रात्रभर हसण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतो. त्या रात्री भट्टी नाही, शेट नाही, बाकी नाही. लहानपणी तो आवाज ऐकून मला हेवा वाटायचा. मोठा झालो तेव्हा त्यालाच बेजबाबदारपणा म्हणायला शिकलो.

आणि तोंडावर 'हो'. नाही म्हणण्याची किंमत ज्यांनी पाठीवर मोजली, त्यांनी 'हो'लाच 'नाही'चं काम लावलं. असा 'हो' मी चाळीस वेळा ऐकला असेन. आता तो ऐकू आला की विचारतो ते वेगळं: मी असं काय विचारलं की माणसाला खोटं बोलावं लागलं?

तरी एक गोष्ट उरतेच, आणि ती सवयींहून खोल आहे. जायची तयारी. वाडीतली कितीतरी घरं कुडाची. कारवीच्या काड्या, वर मातीचा लिंपा. पाहुणे म्हणतात, केवढं साधं, केवढं निसर्गाजवळचं! घर साधं आहे कारण खालची जमीन त्यांची नाही. पिढ्यान् पिढ्या राहूनही कितीतरी कातकरवाड्यांचा सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. 'कातकरी : विकास की विस्थापन?' या पुस्तकात मिलिंद बोकिलांनी हे दुखणं मांडलं आहे. पूर्वी मालकालाही वाडी हवी असायची, हाताशी माणूस राहायचा. आता कर्जत, नेरळ, चौक, खालापूर सगळीकडे फार्महाऊसं उठली, मालकाने जमीन विकली आणि नव्या मालकाला स्विमिंग पूल हवा झाला. वाडी मधे येते. २०२३च्या नोव्हेंबरात आदिम जमातींसाठी जनमन योजना निघाली, पक्क्या घराचे पैसे आले. पण घर बांधायचं कुठे? विटा थापून ज्यांनी अर्धी मुंबई उभी केली त्यांना चार भिंती रोवायला माती नाही. माणूस अशा जमिनीवर राहिला तर चालतानाही पाय जरा उचलूनच टाकतो. ते पाऊल पोरांना शिकवावं लागत नाही. ती बापामागून चालतात, तेवढं पुरतं.

*

आतापर्यंत मी त्यांच्याबद्दलच लिहिलं. वारसा दोन्हीकडे जातो, आणि आमच्या बाजूचा लिहायला जास्त अवघड आहे.

आजोबा क्रूर नव्हते. त्यांनी कुणावर हात उगारल्याचं कुणाला आठवत नाही. तापलेल्या पोराला त्यांनी स्वतः बैलगाडीतून कर्जतला नेल्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. आजी दिवाळीला गड्यांच्या बायकांना फराळ द्यायची, वरून, ओंजळीत. आणि आमच्या घराण्याचं आवडतं वाक्य होतं, "आमचे गडी घरच्यासारखे."

घरच्यासारखे. या 'सारखे'वर मी कित्येक रात्री अडकून पडलो आहे. घरच्या माणसाला कुणी घरच्यासारखं म्हणत नाही. तो घरचा असतो. 'सारखा' लावला की तो आत आल्यासारखा दिसतो आणि बाहेरच राहतो. एका शब्दात सगळा ओटा मावला: वर आम्ही, खाली धोंडा, मधे प्रेम. वहीतली बाकी या प्रेमामुळेच तर दिसली नाही. शिवी दिली असती तर कदाचित आधी दिसली असती.

याच तालुक्यात वेगळा मार्गही होता, म्हणून काळाच्या माथी सगळं मारता येत नाही. १९१२ साली माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी कर्जत तालुक्यात धान्याची कोठारं उभी केली. १९४२मध्ये आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले, हिराजी पाटलांबरोबर. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने पुन्हा धान्यकोषाचा मार्ग धरला. म्हणजे पावसाळ्यातल्या एका कुडव भाताची किंमत काय, हे ओळखणारी माणसं आमच्या डोळ्यांदेखत होती. आमच्या घरात भाई कोतवालांचा फोटो होता. त्याच्या खाली, त्याच वर्षांत, वही लिहिली जात होती. फोटोला आजोबा न चुकता हार घालायचे.

त्याच माथेरानवर २०२५च्या ऑगस्टमध्येही माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत होता. सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हे थांबवा म्हटलं तेव्हा गावातले कुणी म्हणाले, पण त्यांची ओढायला तक्रार होती का? मी ओळखलं तो स्वर. तो माझ्या घरातला होता. अजूनही कुणी पाटी घेऊन दारात आलं की माझ्या तोंडातून 'कोण आहे' निघायच्या आधी 'काय आहे' निघतं. कुणी शिकवलं मला? आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

*

या कार्तिकात म्हातारी आली तेव्हा नातही होती. मी वही बाहेर आणून ठेवली. लिहितो आहे तेही सांगितलं. धोंड्याशेजारच्या बसण्याबद्दल, पिढ्यांच्या ओझ्याबद्दल, आफ्रिकेबद्दल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "खुर्ची उन्हात होती. आजीचा धोंडा सावलीत आहे."

मी पाहिलं. सकाळचं ऊन ओट्याच्या कडेवर नेमकं खुर्ची ठेवतो तिथे पडलं होतं. धोंड्यावर आमच्याच फणसाची सावली. मला हसू आलं, आणि लाजही वाटली. वर्षभर मी तिच्या बसण्यावरून शतकं उलगडत होतो, आणि तिला नुसतं ऊन लागत होतं.

मग तिने खाली पाहिलं. "तसं तेही असेल थोडं," ती म्हणाली. "पण तुम्ही आमच्याबद्दल लिहिता तेव्हा आम्ही नेहमी वाकलेलेच असतो. आजी वलगणीला पाण्यात कशी उतरते ते लिहा."

ते लिहिलं आहे. थोडंच, बाहेरून ऐकून जेवढं लिहिता येतं तेवढं.

तिने वही मांडीवर घेतली. पानं उलटताना बोट नावांवरून फिरत होतं. खोडलेल्या नावाच्या पानावर ती थांबली, आजीला काहीतरी त्यांच्या बोलीत विचारलं, आजीने मान हलवली. मला वाटलं आता ही रडेल, किंवा चिडेल. तिने मोबाईल काढला आणि पानाचा फोटो घेतला. मग आधीचं पान, मग त्याआधीचं, तारखेसकट.

"इथे 'कातकरी' लिहिलंय," ती म्हणाली. "आणि साल १९४१."

मला कळायला वेळ लागला. जमातीचा दाखला काढायचा तर पुरावा मागतात तो ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. तिच्या घरात त्या काळचा एकही कागद नाही. पणजा शाळेत गेला नाही, म्हणून शाळेचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. जंगलातल्या तुकड्यावर वनहक्क मागायचा तर १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर कुठेच आपली खूण राहू नये अशी काळजी घेतली, त्यांच्याकडे सरकार खूण मागतं. त्यांचं नाव, जमात, वाडी आणि साल एकत्र लिहिलेला या जगातला बहुधा एकच कागद होता, आणि तो त्यांच्या वेठीचा होता.

"हे चालेल?"

"माहीत नाही. दाखवून बघू. वाडीतल्या बाकीच्यांची पानंपण निघतील यात."

बाकीच्यांची. मी वहीच पुढे केली. घेऊन जा म्हटलं, तुमचीच आहे. मनात जरा हलकं वाटायला लागलं होतं, खरं सांगतो. ऐंशी वर्षांचं काहीतरी एका हाताने देऊन टाकण्याचं सुख.

तिने फोटो नीट आलेत का ते मोठे करून पाहिलं. वही मिटली, खारव्याची घडी होती तशी घातली आणि ओट्यावर माझ्या बाजूला सरकवली.

"आम्हाला झेरॉक्स पुरे, काका. वही तुमची आहे."

म्हातारी एव्हाना उठली होती. मी कंदांचे पैसे विचारले. ती सवयीने म्हणाली, "काय द्यायचं ते दे," आणि नात म्हणाली, "शंभर रुपये किलो. दोन किलो आहेत." आजीने तिच्याकडे पाहिलं, जसं पहिल्या पावसात माणूस आभाळाकडे पाहतो. मी दोनशे दिले. मग कंद शिजवायचे कसे ते विचारून घेतलं. उकडायचे, चकत्या करायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे कडूपणा उतरतो.

"एका रात्रीत उतरतो?"

"चाखून बघ," म्हातारी ओहोळाकडे चालता चालता म्हणाली. "कडू लागला तर परत पाण्यात."